नळाची पाळी

नारायण पेठेतल्या नदीकाठच्या एका वाड्याचा माग काढत मी दोन महिने सिटी सर्व्हेचे नकाशे चाळत होते. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. मुठेकाठच्या पेठांमधली कोणती घरं गेली, ते मला एकेक करून नोंदवायचं होतं. या वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड हाती आलं तेव्हा वाटलं, चला, एक काम हातावेगळं झालं. क्षेत्रफळ, मालक, वारसांच्या नोंदी, सगळं जागच्या जागी.

नक्कल घेऊन गोखलेनगरला गेले. पूरग्रस्तांसाठी इथे अर्धगोल घरं, म्हणजे निसेन हट, उभारली होती. ज्या आजींकडे गेले, त्या पुराच्या वेळी चौदा वर्षांच्या होत्या. चष्मा लावून त्यांनी कागद वरखाली पाहिला.

"हे मालकांचं झालं. यात आम्ही कुठायत?"

काय सांगणार? महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्यांची नावं या कार्डावर चढत नाहीत. दोन महिने मी मालकच शोधत होते, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. (नकाशे हाताळणाऱ्याला ही खोड लागतेच.)

मी वही उघडली. खोल्या कुठून कशा सांगायच्या, ते आजींना जमेना. मग म्हणाल्या, "थांब, नळाच्या पाळीनं सांगते." पहाटे चौकातल्या नळावर आधी कोण, मग कोण, कुणाची घागर कुणाच्या मागे. त्या बोलत गेल्या, मी चौकाभोवती खोल्या काढत गेले. वाडा पडला कसा, तेही मधेच आलं. "पाण्यात उभा होता गं. पाणी उतरलं, मातीच्या भिंती भिजून मऊ झालेल्या, तेव्हा बसला."

दहा बिऱ्हाडं झाली. आजी म्हणाल्या, "अकरा होती." पुन्हा मोजली. दहाच. वैतागून त्यांनी सांगलीच्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं, माडीवरचे मास्तर!" पलीकडून आवाज आला. "एकटेच होते. ते कुठे नळावर यायचे? त्यांचं पाणी तूच भरायचीस ना!"

आजी बराच वेळ फोन हातात धरून बसल्या.

"दोन कळशा," त्या म्हणाल्या. "लिही. जिन्यालगतची खोली."