इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील वचनाचे प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना स्पर्धा परीक्षांचे इंग्रजी शिकवताना मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो वचनाच्या प्रश्नांना. काळ, उपपदे, शब्दयोगी अव्यये यांवर मुले घोकंपट्टीने का होईना, मात करतात. परंतु सर्वनामाचे वचन चुकले तर ते त्यांच्या कानाला खटकतच नाही. हा मुलांचा आळस नसून मराठीच्या घडणीचा परिणाम आहे, असे माझे ठाम मत आहे.

'प्रत्येक मुलाने आपली वही आणावी' आणि 'सर्व मुलांनी आपली वही आणावी' ही दोन वाक्ये पाहावीत. मालक एक असो वा अनेक, 'आपली' तसेच राहते. ते बदलते पुढच्या नामाप्रमाणे, म्हणजे आपला डबा, आपली वही, आपले दप्तर. इंग्रजीत 'इट्स' घ्यायचे की 'देअर', हे पुढच्या वस्तूवर अवलंबून नसते, तर मागे मालक कोण आहे यावर ठरते. त्यातच 'सर आले, त्यांनी हजेरी घेतली' असे एका माणसासाठी अनेकवचन वापरण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असते, त्यामुळे एकासाठी 'दे' आले तरी आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

प्रश्न काढणारा नेमका मालक दूर ढकलतो. 'द म्युझियम नोन फॉर पेंटिंग्ज अँड कॉइन्स ओपन्ड देअर न्यू गॅलरी' या वाक्यात चित्रे आणि नाणी ही दोन अनेकवचनी नामे सर्वनामाच्या जवळ बसवली आहेत, आणि खरा मालक असलेले एकवचनी संग्रहालय वाक्याच्या सुरुवातीलाच मागे पडले आहे. मी मुलांना 'नोन'पासून 'कॉइन्स'पर्यंतचा भाग पेन्सिलीने कंसात टाकायला सांगते; तो नजरेआड झाला की 'देअर'च्या जागी 'इट्स' हवे, हे बहुतेकांना लगेच दिसते. 'ईच ऑफ द गर्ल्स'मध्येही हाच डाव असतो. 'नीदर' आणि 'नॉर'ने जोडलेल्या दोन नामांपैकी सर्वनामाच्या जवळचे नाम वचन ठरवते, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

याहून अवघड, आणि मला अधिक आवडणारा, प्रकार म्हणजे नामाचे नामाशी जुळणे. 'माय सिस्टर्स वाँट टू बिकम अ डॉक्टर' हे वाक्य चूक आहे, कारण अनेक बहिणी मिळून एक डॉक्टर होत नाहीत. मराठीत 'माझ्या बहिणींना डॉक्टर व्हायचे आहे' म्हणताना हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण 'डॉक्टर' दोन्ही वचनांत सारखाच राहतो. 'सर्वांनी मान डोलावली' या वाक्यात माना अनेक असूनही आपण एकच मान म्हणतो. इंग्रजीत तेथे 'हेड्स' लागते. अमेरिकेतील एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत 2005 ते 2016 या काळात चार अधोरेखित भाग आणि पाचवा 'नो एरर' असा पर्याय देऊन हे प्रश्न विचारले जात. आपल्याकडच्या स्टाफ सिलेक्शनच्या प्रश्नपत्रिकांतही वाक्यातील चूक शोधण्याची हीच पद्धत आहे. अशा वाक्यात प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर निर्दोषच असतो, म्हणून घाईने वाचणारा 'नो एरर'वर खूण करून मोकळा होतो.

मात्र नियम हाती आला की मुले तो सगळीकडे लावू लागतात, तेव्हा आवर घालावा लागतो. 'फार्मर्स आर द बॅकबोन ऑफ द इकॉनॉमी' हे बरोबर आहे. शेतकरी अनेक असले तरी ते सर्व मिळून अर्थव्यवस्थेचा एकच कणा होतात. म्हणून प्रत्येकाची वस्तू वेगळी आहे की सर्वांची मिळून एक, हे अर्थावरूनच ठरवावे लागते.

समूहवाचक नामांबाबत परीक्षा कोणती, हे आधी पाहावे. अमेरिकी लेखनात संघ किंवा समिती सहसा एकवचनी धरतात, तर ब्रिटिश वळणात सदस्य वेगवेगळे डोळ्यांसमोर असतील तर अनेकवचन चालते. आपल्या मार्गदर्शक पुस्तकांत एकमत असलेल्या ज्यूरीला 'इट्स' आणि मतभेद असलेल्या ज्यूरीला 'देअर' लावण्याचा जो नियम असतो, तो या ब्रिटिश वळणाचा आहे.

'एव्हरीवन'नंतर 'हिज' हेच बरोबर आणि 'देअर' चूक, असे मानणारे प्रश्न मात्र आता प्रश्नपत्रिकांतून काढून टाकायला हवेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2019 साली आपल्या लेखन-नियमावलीच्या सातव्या आवृत्तीत एका व्यक्तीसाठी 'दे' मान्य केले आहे. इंग्रजी लेखकही शतकानुशतके ते वापरत आले आहेत. ज्या रूपाला जाणकार मान्यता देतात, त्यावरून एखाद्या मुलीचा गुण कापणे मला अन्यायाचे वाटते. जुन्या वळणाच्या परीक्षेत असा प्रश्न आलाच तर एकवचनी पर्याय निवडावा, असे मी मुलांना सांगते. सरावासाठी प्रश्न काढताना मात्र मी मालक म्हणून नदी, ग्रंथालय, यंत्र अशी नामे घेते, कारण तेथे 'इट्स'बद्दल दुमत होत नाही.