यापुढे डी४

रविवार, रात्री

बुद्धिबळात पांढरी मोहरी आली की यापुढे पहिली चाल डी४, म्हणजे वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, डी स्तंभाच्या चौथ्या घरात. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज ठरवून टाकलं. इतकी वर्षं ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) खेळले आणि त्या चालीचे माझ्यावर उपकार आहेत. एफ७ वर रोखलेला उंट, मोकळे स्तंभ, पहिल्या दहा-बारा चालींतच उडणाऱ्या चकमकी, हे सगळं तिनेच शिकवलं. नवीन शिकणाऱ्याने ई४ नेच सुरुवात करावी, असं मी आजही सांगेन.

पण आज माझे अलीकडचे डाव पुन्हा पटावर मांडले. जिंकले की हरले, ते बाजूला ठेवलं. एवढंच पाहिलं, की कुठल्या डावात विचार करत बसायला मला आवडत होतं. उत्तर लगेच मिळालं. प्याद्यांचा सांगाडा पक्का झालाय, समोरच्याचं एखादं मोहरं जरा कोंडलंय, आणि मला कसलीही घाई नाही, अशा डावांत मी रमते. ई४ ला समोरून सिसिलियन (काळ्याचं सी५ हे उत्तर) आलं की हे सुख क्वचितच वाट्याला येतं. त्यातल्या नायडॉर्फ प्रकारासाठी वेगळा अभ्यास, ड्रॅगन प्रकारासाठी वेगळा, आणि एक चाल विसरली की डाव हातचा गेला. सी३ खेळून किंवा उंट बी५ वर नेऊन ते सगळं टाळता येतं आणि मी टाळतही आले. पण दर वेळी टाळायचंच असेल, तर पहिली चालच का बदलू नये?

ओपनिंग (डावाची सुरुवात) निवडताना आधी इंजिनचा, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामचा, आकडा बघायची सवय सगळीकडे दिसते. ई४, डी४, सी४, घोडा एफ३ यांत इंजिनच्या लेखी नाव घेण्याजोगा फरक नाही. आमच्या पातळीवर तर तो आकडा बाजूलाच राहतो. पंधराव्या चालीनंतर पुढे काय करायचं हे ज्याला कळतं, त्याचं पारडं जड. म्हणून मी उलटीकडून आले. कुठला मधला डाव हवाय ते आधी ठरवलं, मग तिकडे नेणारी वाट शोधली.

लंडन नावाच्या ओपनिंगचा मोह झाला होता. डी४, उंट एफ४, ई३, सी३. काळा काहीही करो, आपली मांडणी बहुतेक तीच. अभ्यासाला वेळ कमी असेल त्याने खुशाल खेळावं. तिला कमी लेखणाऱ्यांनी २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव बघावा; डिंग लिरेनने नेपोम्नियाचीला त्यात लंडननेच हरवलं. पण मला सी४ हवं. हे प्यादं मारू की नको, हा प्रश्न काळ्यासमोर सतत उभा राहायला हवा. तो कॅटलान या ओपनिंगमध्ये जसा उभा राहतो तसा दुसरीकडे कुठेच नाही.

सोमवार

कॅटलान हे नाव १९२९ च्या बार्सिलोनातल्या स्पर्धेतून आलं. त्या कॅटलोनिया प्रांताचा मान म्हणून बुद्धिबळपटू टार्टाकोव्हर ही मांडणी खेळला. डी४, सी४, जी३, आणि उंट जी२ वर. तिथून तो उंट थेट ए८ पर्यंत नजर ठेवून असतो.

आज मुख्य लाइन, म्हणजे चालींचा रुळलेला क्रम, सावकाश पाहिली. दोन्हीकडे कॅसलिंग होऊन राजे कोपऱ्याकडे सुरक्षित झालेत. काळा सी४ चं प्यादं मारतो, पांढरा वजीर सी२ वर आणतो, ए६, वजिराने प्यादं परत, बी५, वजीर पुन्हा सी२, उंट बी७. आणि मग पांढऱ्याची दहावी चाल: उंट डी२. सी१ वरून फक्त एक घर. बघताना वाटतं, यात काय आहे? पण त्या उंटाला ए५ वर जायचंय. तिथे गेला की सी७ वर दाब येतो, वजीर त्याच स्तंभावर आधीच बसलेला आहे, आणि काळ्याला ज्या सी५ ने मोकळा श्वास घ्यायचा असतो तेच अवघड होऊन बसतं. ते प्यादं सी७ वर अडकलं तर काळ्याला डावभर त्याची राखण करावी लागते. ही चाल कळल्यावर मी बराच वेळ पुढे गेलेच नाही, तीच स्थिती बघत राहिले. मला हवं होतं ते हेच.

मग आनंदचे डाव काढले. २०१०, सोफिया, जगज्जेतेपदाची लढत, समोर टोपालोव. दुसरा आणि चौथा असे दोन्ही डाव कॅटलान, दोन्ही आनंदने जिंकलेले. चौथ्या डावात एच६ वर दिलेला घोडा सगळ्यांच्या लक्षात आहे. मला दुसरा डाव जास्त आवडतो. पंधराव्या चालीला वजीर ए३ वर नेऊन तो वजिरांची अदलाबदल होऊ देतो, त्यात ए-स्तंभावर स्वतःची दोन प्यादी एकामागे एक येतात, तरीही! बदल्यात बी-स्तंभ उघडतो. त्याआधी २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतही, कारकिर्दीत मुख्यतः ई४ खेळलेल्या आनंदने डी४ निवडलं होतं. जगज्जेता ऐन लढतीत पहिली चाल बदलतो, यातून मला खूप बळ मिळतं.

गुरुवार

आता व्यवहाराचं. जी३ ची मोठी सोय अशी, की किंग्ज इंडियन, ग्रुनफेल्ड, बेनोनी, डच, समोरून काळ्याचा कुठलाही बचाव आला तरी उंट जी२ वर बसवता येतो. आणि घोडा सी३ वर नेण्याची घाई केली नाही की निम्झो-इंडियनचा (काळ्याचा उंट बी४ वर येऊन त्या घोड्याला खिळवतो त्या बचावाचा) प्रश्नच येत नाही. बी४ वरून शह आला तर उंट डी२.

अडतं ते स्लाव्ह या बचावापाशी. सी६ आणि डी५ या प्याद्यांवर जी२ चा उंट आपटतो. शिवाय काळा सी४ मारून बी५ करतो आणि प्यादं टिकवू बघतो. तिथे हट्ट नको. घोडा एफ३, ई३, काळ्याचा उंट एफ५ ला आला की घोडा सी३, आणि काळ्याने ई६ केलं की घोडा एच४ वर नेऊन तो उंट पकडायचा. दोन उंट हाती असलेला शांत डाव मला मानवतो.

काळ्याने दुसऱ्याच चालीला सी४ चं प्यादं मारलं तर ई३ आणि उंटाने प्यादं परत. यातून बऱ्याचदा डी४ चं प्यादं एकटं पडतं (शेजारच्या स्तंभांवर आपलं प्यादं उरत नाही), आणि मग मात्र घाई करावी लागते: मोहरी कमी होण्याआधी हल्ला, नाहीतर डावाच्या शेवटच्या टप्प्यात, एंडगेममध्ये, तेच प्यादं ओझं होतं. माझ्या स्वभावाच्या उलट आहे हे, म्हणून त्याचा अभ्यास सगळ्यात जास्त करायचा. शनिवारी पांढरी मोहरी आहेत. तोवर हे एकट्या प्याद्याचे डाव आणि उंट डी२ ची लाइन, एवढंच.