बॅटरी कपाळाला

परवा दुपारी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेचं पासबुक शोधत होतो. नोव्हेंबर आला की आम्हा रिटायर लोकांना आपण जिवंत आहोत हे लेखी द्यावं लागतं. पासबुक काही सापडलं नाही, ड्रॉवरच्या तळाला अण्णांची बॅटरी सापडली. तीन शेलची, स्टीलची, तोंडाला नरसाळ्यासारखी पसरट. मागचं झाकण फिरेना म्हणून पकडीनं फिरवलं तर वर्तमानपत्रावर पांढरं-हिरवट मीठ सांडलं, शेल आतल्या आत फुटून नळीला चिकटून बसलेले. बायको म्हणली, "भंगारवाल्याला देऊन टाका, रोज ओरडत जातो." मी हो म्हणलो आणि बॅटरी कपाळाला लावून बसलो. म्हणजे कानशिलाला, भुवईच्या जरा वर. का ते तिला माहीतय, तिनं विचारलं नाही. पासबुक नंतर तिलाच सापडलं, फ्रिजवर.

ही कपाळाला हात न्यायची सवय मागच्या वर्षी मला सिंगापूरमधे नडली.

पोरगा तिकडं असतो. आम्ही दोघं महिनाभर गेलतो. पोराला वाटलं पप्पांना मॉलचा कंटाळा आलाय (बरोबर वाटलं), म्हणून एका शनिवारी म्हणला, संध्याकाळी नाईट सफारीला जाऊ. मंडाई म्हणून भाग आहे, मला वाटलं भाजी मंडई, तर नाही, जंगल आहे, जलाशय आहे आणि तिथं रात्रीचंच उघडणारं प्राणिसंग्रहालय आहे, १९९४ ला सुरू झालेलं, असलं जगातलं पहिलं. ३५ हेक्टर. शेतकऱ्याच्या पोराला हेक्टर कळत नाही, मी लगेच हिशोब केला, ८६ एकराच्या वर. तिकिटाचा आकडा पोरानं सांगितला नाही, मी विचारला नाही. सव्वासातला गेट उघडतं. आणि तिथं बाराही महिने सूर्य सातच्या आसपासच मावळतो, विषुववृत्त जवळ असल्यामुळं. भूगोल तीस वर्षं शिकवला, पण थंडीत लवकर अंधार पडत नाही अशी जागा असते हे तिथं घड्याळात बघितल्यावर पटलं.

ट्राम म्हणजे रूळबीळ नाही. यात्रेत लहान लेकरांची गाडी असते तशी, डब्याला डबा लावलेली, दोन्ही बाजूनं उघडी. नातू मांडीवर. तो सहा वर्षांचा, घरी झोपताना त्याला कासवाच्या आकाराचा दिवा लागतो, तो विझला की उठून बसतो. चाळीसेक मिनिटांची फेरी. जाळ्या-गज दिसत नाहीत, खंदक आणि पाणी असं झाडीत लपवून ठेवलंय की आपल्याला वाटावं हा सांबर आता ट्राममधेच चढतो. आणि उजेड, तो मला सगळ्यात जास्त आवडला. उंचावरून, झाडांच्या वरून, चांदणं पडल्यासारखा. दिवा कुठंय ते शोधलं तर सापडत नाही. पोरानं फोनवर वाचून दाखवलं की ही लायटिंग नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्या एका इंग्रज माणसानं केलीय, सायमन कॉर्डर नावाच्या. म्हणलं मग बरोबर. अंधार कसा दाखवायचा हे नाटकवाल्यालाच कळणार, लाईट खात्यातल्या माणसाला नाही.

फ्लॅश मारायचा नाही हे चार वेळा सांगितलं होतं. फ्लॅश कुणी मारला नाही, पण पुढच्या बाकावरची बाई दर दोन मिनिटाला फोन उघडून बघायची. तो पांढरा उजेड तिच्या तोंडावर पडायचा आणि माझ्या डोळ्यात घुसायचा. मी अस्वस्थ. पोरगा हळूच, "पप्पा, राहू द्या." आता ह्याला काय सांगू, अंधाराला डोळे बसायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मोडायला एक सेकंद. हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. डोळ्यातल्या पेशी, त्यातलं रसायन, तांबड्या उजेडानं ते फारसं बिघडत नाही म्हणून रात्री काम करणारे तांबडा दिवा वापरतात, हे सगळं पुढं वाचलं. वीस मिनिटं तेवढी आधीच पाठ होती.

कारण जागल.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, बालाघाटाच्या अंगाला, वर माळ आणि खाली ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी असेल, ज्वारी हुरड्यात आली होती आणि मी पहिल्यांदा अण्णांबरोबर जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला गेलो. बारा-तेरा वर्षांचा. घोंगडी, पाण्याची केळी, ही बॅटरी (तेव्हा नवी होती आणि घरातली सगळ्यात महागाची वस्तू ती आणि सायकल). गावाच्या बाहेर पडल्या पडल्या मी बॅटरी लावली तर अण्णांनी हातातून काढून घेतली. "बंद कर. बॅटरी लावली की बॅटरीपुरतंच दिसतंय." मग आम्ही धुऱ्यावर बसून राहिलो, नुसते. आधी काहीच दिसेना, मग ज्वारीचे शेंडे आभाळापासून सुटे झाले, मग बाभळ, मग अण्णांचं पांढरं धोतर, मग पायवाट, दुधाची धार सांडल्यासारखी. थंडी असली की हुरड्याला एक वास सुटतो, हिरवा, गोडसर, तोही आधी येत नव्हता आणि आता यायला लागला, त्याचा अंधाराशी काय संबंध मला माहीत नाही, पण तसंच झालं.

मध्यरात्री कधीतरी बांधाखाली काहीतरी खसफसलं. अण्णांनी बॅटरी उचलली आणि कपाळाला लावली. मी म्हणलं अशी का? तर म्हणले, कमरेपाशी धरली तर जनावराचे डोळे चमकत नाहीत, बॅटरी आपल्या डोळ्याजवळ पाहिजे. बटण दाबलं. दोन हिरवे-पिवळे दिवे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. कोल्हा. एकदा आमच्याकडं बघितलं, मान फिरवली, दिवे विझले. मग अण्णांनी उजेड तसाच खाली आणला आणि सबंध गवत चमकायला लागलं, बारीक बारीक, दव पडल्यासारखं. मी म्हणलो दव. ते म्हणले, "जवळ जाऊन बघ." गेलो, वाकलो. प्रत्येक थेंब म्हणजे एक कोळी. जमिनीवर पळणारे असतात ते, राखाडी, जाळं न विणणारे. शेकडो. त्या गवतावर मी आत्ता दोन तास बसलो होतो!

ज्याला शंका असेल त्यानं पावसाळ्यानंतर शेतात जाऊन बघावं, बॅटरी डोळ्याच्या रेषेत धरून. अजून दिसतात.

रात्री फिरणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात पडद्याच्या मागं आरशासारखा एक थर असतो, आत आलेला उजेड तो परत पाठवतो, त्यामुळं अंधुकातही त्यांना भागतं. आणि आला त्याच वाटेनं उजेड परत जात असल्यामुळं बॅटरी कपाळाला. माणसाच्या डोळ्यात तो थर नाही. अण्णांना थर माहीत नव्हता पण एवढं माहीत होतं की माणसाचे डोळे चमकत नाहीत. म्हणून म्हणायचे, खसफसलं आणि डोळे दिसले नाहीत तर मग भ्यायचं, कणसं न्यायला माणूस आलाय.

तर सिंगापूर. मलायातला तापीर बघितला, डुकरासारखं मोठं जनावर, पुढून काळा, मागून काळा, मधे पांढरी चादर टाकल्यासारखा. दिवसा असलं ध्यान कुठंही उठून दिसंल. पण त्या चांदण्यासारख्या उजेडात पांढरं तेवढं दिसतं आणि काळं अंधारात विरघळतं, जनावराचा आकारच कळत नाही, एक दगड पडलाय वाटतं. गेंडा बघितला. फणसाएवढी वटवाघळं लटकलेली बघितली, नातवानं माझा शर्ट धरला. आणि मग ट्राम वळली आणि तरस.

आपला तरस! पट्टेरी, पाठ मागं उतरती पत्र्याच्या शेडासारखी, मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ. गावाकडं तरसाचं नाव रात्री घ्यायचे नाहीत. लेकरं उचलून नेतो, मसणवटा उकरतो, काय काय. माझी माय तर तरस म्हणायच्या ऐवजी "ते" म्हणायची. अण्णांचं म्हणणं वेगळं, मेलेली ढोरं टाकायच्या माळावर तो साफसफाईचं काम करतो आणि गावाकडून त्याचे पैसे घेत नाही. तर तो हा तरस, माझ्यापासून वीस-पंचवीस फुटांवर, मागचे पाय ओढल्यासारखा चालत आला, थांबला, ट्रामकडं बघितलं. आणि मला त्याचे डोळे दिसेनात. उजेड वरून पडतोय ना, डोळ्याच्या रेषेत नाही. माझा हात आपोआप कपाळाला गेला, मूठ वळलेली.

नातू म्हणला, "आबा, डोकं दुखतंय?"

सगळी ट्राम शांत, त्यात हे मराठीत मोठ्यानं. सूनबाईनं पर्समधून बाम काढून दिला. मी लावला पण.

प्राणिसंग्रहालयात आपण चुकीच्या वेळी जातो हे मला तेव्हा कळलं असं नाही, आधीपासून माहीत होतं. शाळेची सहल वेरूळ-दौलताबाद करून तेव्हाच्या औरंगाबादला सिद्धार्थ उद्यानात नेलेली, दुपारी दोन वाजता, उन्हात. वाघ सावलीला पाय वर करून आडवा. सातवीतला एक पोरगा म्हणला, "सर, मेलाय का हे?" मी म्हणलो झोपलाय. तो म्हणला, "मग उठवा की, चाळीस रुपये भरलेत." त्याचं बरोबर होतं आणि वाघाचंही बरोबर होतं. आपल्याकडं वनखातं बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधतं, त्याला मी रिटायर झाल्यावर एकदा बसलो, रात्रभरात एक ससा आणि पहाटे मोरांचं ओरडणं. पण चांदणं असं की वहीत लिहिलेलं दिसत होतं. सोबतचा तरुण सारखा म्हणायचा, काहीच दिसलं नाही काका. मला तर लै दिसलं.

घरी ह्या खोडीचा त्रास आहे. लातूरमधे आता आमच्या गल्लीला पांढरे एलईडी बसलेत, गच्चीवर बसलं तरी वर्तमानपत्र वाचता येतं. मी घरातले दिवे बंद करत फिरतो. बायको मागून लावत येते. पाहुणे आले की म्हणतात, सर बिल वाचवतात.

त्या रात्री ट्राममधून उतरल्यावर गावाकडं फोन लावला. आमचे साडेनऊ, त्यांचे सात. धाकट्या भावाला म्हणलं, बाळू, तरस बघितला. तो म्हणला, "त्याच्यासाठी इमानानं गेलास? दादा, ह्या आठवड्यात आपली लाईट रात्रीची हाय, बारापासून. ये की हरभऱ्याला पाणी द्यायला, तुला फुकटात समदं दाखवतो." आम्ही दोघंही लै हसलो. ट्रामच्या रांगेतले लोक बघायला लागले. मग मी म्हणलं, बॅटरी लावून फिरत नाहीस ना रे? अण्णांचं आठवतंय ना? म्हणजे मी गंमतीतच म्हणलो.

तो जरा गप्प झाला. मग म्हणला, "अण्णांचं अण्णापाशी. तवा बिबट्या नव्हता."

हे मी विसरलो होतो असं नाही. पेपरात वाचतोच. २०२० ला आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा सबंध बीड जिल्हा संध्याकाळी घरात बसत होता. आणि २०२४ च्या डिसेंबरात तर आमच्या जवळ येडशीला, रामलिंगच्या अभयारण्यात, कॅमेऱ्यात वाघ आला. पट्टेरी. यवतमाळच्या टिपेश्वरहून चार-पाचशे किलोमीटर चालत. व्हाट्सअपवर तो फोटो मला किमान तीस जणांनी पाठवला आणि मी स्वतः चाळीस जणांना पाठवला, कौतुकानं, काय देखणं जनावर, आपल्या भागात! बाळूनं त्याच्यावर काही लिहिलं नव्हतं, नुसता अंगठा दाखवला होता.

तर रात्री बाराला लाईट आली की तो स्प्रिंकलरचे पाईप बदलायला जातो. एकटा जात नाही आता, भावजय बरोबर असते. ती धुऱ्यावर उभी राहून तेलाचा रिकामा डबा वाजवत राहते, तीन-तीन तास. त्याच्या एका हातात पाईप आणि दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी, तीही पाण्यात पडून एकदा बंद झाली. हे त्यानं तक्रार म्हणून नाही सांगितलं. पाईपचा विषय निघाला म्हणून सांगितलं. पुढं म्हणला, "सापाचं तर सोड."

त्या रात्री नातू माझ्याजवळ झोपला. कासवाचा दिवा लावू का म्हणलं तर म्हणला, नको आबा, तरसाला झोप येणार नाही. मी म्हणलो, लाव रे. लाव.

ही बॅटरी काही चालू होत नाही. मीठ खरवडून नवे शेल घालून बघितले, आतली पट्टीच गेलीय. परत ड्रॉवरमधे ठेवली, बायकोनं बघितलं पण काही बोलली नाही. आणि बाळूला डोक्याला बांधायचे दोन दिवे कुरिअर केले, इलॅस्टिकचा पट्टा असतो, बरोबर कपाळावर बसतात, हात मोकळे. एक त्याला, एक भावजयीला. चांगले जोराचे बघून घेतले, शंभर मीटर जातो म्हणे उजेड. काल त्याचा फोन आला, पोचले म्हणून. म्हणला, दादा, ह्याला बाजूला एक बारकं बटण हाय, दाबलं की तांबडी लाईट लागती, ती कशाला असती?

मी म्हणलो माहीत नाही, असंल काहीतरी. तू पांढरीच लाव.