हिरवी खूण आणि काजूगराची उसळ

माझ्या कपाटात एका फाईलमध्ये ॲलर्जीच्या तपासणीचे दोन रिपोर्ट आहेत. एक मुलीचा, एक बंड्याचा. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा, कुडाळच्या बाजारातून एका पावसात भिजत आमच्या मागोमाग आलेला आणि मग राहिलेला. दोन्ही रिपोर्टांवर लाल खुणांच्या रांगा आहेत. असाच कागद हातात घेऊन एखादी आई घरातले डबे रिकामे करायला निघाली असेल, तर तिने त्याआधी आमचं काय झालं ते वाचावं, म्हणून लिहितेय.

मुलगी चार वर्षांची होती. सप्टेंबरात एका बारशाला जेवून आलो आणि घरी पोचेपर्यंत तिचे ओठ सुजले, पोटावर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रात्री उशिरा उतरलं. जेवणात वडे होते, काळ्या वाटाण्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, पुलाव, काजूकतली. कशाने झालं ते कळावं म्हणून मी घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबकडून नव्वद पदार्थांची तपासणी करून घेतली. तेवीस पदार्थांपुढे लाल खूण आली: दूध, गहू, शेंगदाणा, तूरडाळ, अंडं, नारळसुद्धा.

नारळ काढून टाकला तर आमच्याकडे चूल पेटवायची कशासाठी? तरी मी तो काढला. सात महिने मुलगी मऊ भात, मूगडाळ आणि उकडलेल्या भाज्यांवर राहिली. त्या महिन्यांत तिचं वजन जवळपास वाढलंच नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "अगो, ह्या चेडवाक दूध नाय, नारळ नाय, मग ता खातला तरी काय?" माझ्याकडे उत्तर म्हणून तो कागद होता, आणि कागदावर माझा विश्वास होता.

त्याच कागदावर काजूपुढे हिरवी खूण होती. एप्रिलमध्ये ओले काजूगर बाजारात आले. तिला काहीतरी चांगलं खाऊ घालता येईल या आनंदात मी उसळ केली. काजू तिला कधी आवडला नव्हता, बाळपणापासून तोंडात घातला की थुंकायची. त्या दिवशी मीच भरवली, चार घास. पंधरा मिनिटांत खोकला सुरू झाला, मग छातीत घरघर. आम्ही दवाखान्यात वेळेत पोचलो, म्हणून आज हे लिहू शकतेय.

पुढच्या आठवड्यात पुण्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि अर्धा तास फक्त विचारत राहिल्या. काय खाल्लं, किती, खाल्ल्यावर किती मिनिटांनी, आधी तोच पदार्थ खाल्ला होता का. शेंगदाण्याचं कूट? ते तर ती बारशापर्यंत रोज खायची, कधी काही झालं नव्हतं. ही गोष्ट मला सात महिने ठाऊक होती, पण ती मला कुणी विचारली नव्हती आणि मी स्वतःलाही विचारली नव्हती.

मग त्यांनी रिपोर्ट समजावला. त्यात मोजलं होतं आयजीजी नावाचं प्रतिपिंड, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. आपण जे खातो त्याच्याशी शरीराची ओळख झाली की ते तयार होतं. म्हणजे लाल खुणा ही बरीचशी तिच्या रोजच्या ताटाची यादी होती, आणि काजू हिरवा होता कारण तो ती खातच नव्हती. अन्नाची ॲलर्जी शोधायला ही तपासणी वापरू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच सांगितलं आहे. गांधी, सूज, घरघर अशी खाल्ल्यावर लगेच उठणारी ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड वेगळं, आयजीई. ते १९६०च्या दशकात सापडलं.

आयजीईसाठी त्वचेवर तपासणी झाली. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवली होती. हातावर पेनाने खुणा, प्रत्येक खुणेशी एक थेंब, थेंबातून बारीक टोचणी. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे गांध उठवणाऱ्याच रसायनाचा; त्यावरून त्वचा नीट उत्तर देतेय की नाही ते कळतं. पंधरा मिनिटांनी पट्टीने मोजलं. मिठाच्या पाण्याहून ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर पॉझिटिव्ह. काजू ९, पिस्ता ६, शेंगदाणा ३. दूध, गहू, अंडं, नारळ यांची गांधच नाही. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, म्हणून ते बहुधा जोडीने येतात. आंबाही त्याच कुळातला, पण तो ती आजवर खात आलीय तसा खाऊ दे, असं डॉक्टर म्हणाल्या.

९ आकडा बघून मी घाबरले. त्या म्हणाल्या, गांध मोठी असली तर ॲलर्जी खरी असण्याची शक्यता जास्त, पण त्रास किती होईल ते त्यावरून कळत नाही. आणि पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असंही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातल्या प्रौढांच्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं होतं. खरी ॲलर्जी असावी असे निघाले १.२ टक्के.

शेंगदाण्याचा निकाल खाऊनच लागणार होता. सात महिने बंद ठेवल्यामुळे ते घरी करायचं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये शेजारी ॲड्रेनलिन, म्हणजे जोराची ॲलर्जी आली तर टोचायचं औषध, तयार ठेवून, आधी चिमटीच्याही अंशाएवढं कूट, वीस मिनिटं थांबायचं, मग थोडं जास्त. प्रत्येक वेळी नर्स छाती ऐकायची, कपडा वर करून पोट बघायची. शेवटी तिने चमचाभर कूट दह्यात कालवून खाल्लं. दोन तास बसवून ठेवलं, काही झालं नाही. मी खुर्चीत बसून रडले. काजू मात्र खायला घालून बघायची गरज नव्हती. दोनदा झालेला त्रास आणि ती गांध पुरेशी होती. मांडीत ॲड्रेनलिन कसं टोचायचं ते मला तिथेच शिकवलं. तिच्या पंधरा किलो वजनाला किती भरायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी, ॲम्प्यूल आणि सिरिंज आता तिच्या दप्तराबरोबर सगळीकडे जातात.

हे सगळं शिकूनही बंड्याच्या बाबतीत मी तीच चूक केली. तो पंजे चाटून लाल करायचा, कानातून वास यायचा. ऑनलाइन एक किट मिळालं, केस आणि लाळ पाठवायची. उत्तरात शंभराहून जास्त पदार्थ, त्यात त्याने जन्मात न चाखलेला सामन मासाही लाल. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तो कागद वाचलाही नाही. नंतर मला कळलं की अमेरिकेतल्या दोन पशुत्वचातज्ज्ञांनी अशाच एका कंपनीकडे खेळण्याची नकली फर आणि मिठाचं पाणी पाठवून बघितलं होतं, आणि त्यालाही ॲलर्जीची यादी आली. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालंय.

डॉक्टरांनी आधी पिसवा आणि कानातलं इन्फेक्शन संपवलं. मग आठ आठवडे असं अन्न, जे त्याने कधी खाल्लं नव्हतं. आमच्याकडे तो मासे, चिकन, भात, दूध सगळं खाल्लेला, म्हणून मटण आणि रताळं ठरलं. महाग पडलं. गोचिडांची चवदार गोळीसुद्धा बंद, त्यातही मांसाचा अंश असू शकतो. तिच्याऐवजी मानेवर टाकायचं औषध. तिसऱ्या आठवड्यात सासऱ्यांनी मायेने एक बिस्किट दिलं, तेव्हा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्यांचं वाईट वाटलं.

आठव्या आठवड्यात पंजे कोरडे झाले. मग एकेक पदार्थ परत दिला, प्रत्येकाला दोन आठवडे. दूध चाललं, बांगडा चालला. चिकन दिल्यावर चौथ्या दिवशी रात्रभर चाटणं सुरू. दोन महिने हवा होता तो पुरावा एवढाच.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा त्वचेची तपासणी. गेल्या गणपतीत शेजारच्या जेवणाला आम्ही पोचायच्या आधीच सासूबाई आचाऱ्याजवळ जाऊन उभ्या होत्या, "ह्या वाटपात काजू घातलास काय रे? खरा सांग."