रात्री अडीचचा आवाज

वारीसाठी दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरताना मी एकच विचारलं होतं, "काका, राहुटीत कडेची जागा मिळेल ना?" कडेला वारा लागतो म्हणून. काका म्हणाले, "माउली, मिळेल तिथं पाठ टेकायची."

मिळाली ती मधोमध. शेजारी परभणीकडच्या एक मावशी. त्या रात्री अडीचला उठायच्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या सोडायला लागायच्या. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक. प्रत्येकीची गाठ सुटेपर्यंत चुरचुर चालू. तीनला टँकरखाली आंघोळीची रांग लागते; त्याआधीचा तो अर्धा तास झोपेचा, आणि तोच जायचा. पहिल्या रात्री मी कूस बदलली. दुसऱ्या रात्री मोठ्याने उसासा टाकला. तिसऱ्या रात्रीपासून तर आवाज यायच्या आधीच जाग यायला लागली. वाट बघत पडून राहायचे, आता सुरू होईल म्हणून.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात मोठा टप्पा. दिवे घाटात सगळे माउलींच्या नामात, आणि मी मनातल्या मनात मावशींशी भांडतेय. त्यांचं संपलं की भावाचं निघायचं. वाटणीच्या कागदावरून आमचं बोलणं बंद झालं, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

सासवडला कीर्तनात बुवांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले राग-द्वेष घेतले. म्हणाले, आपण बोलताना राग म्हणजे संताप म्हणतो, पण इथला राग म्हणजे ओढ. हवंहवंसं वाटणं. एकाच दोरीची ही दोन टोकं. ऐकताना मला कडेची जागा आठवली आणि पिशव्याही आठवल्या. पण कळणं वेगळं आणि सुटणं वेगळं. त्या रात्रीही मी अडीचला दात आवळूनच पडले होते.

सुटायला सुरुवात झाली ती चालताना, आणि मी काही न करता. जेजुरीहून वाल्ह्याला जाताना मी वीण्याच्या मागच्या ओळीत होते. भावाला काय सुनवायचं ते मनात जुळवत होते. "आईच्या आजारपणात तू..." इथपर्यंत आलं की टाळ पडायचा, 'ज्ञानोबा-तुकाराम'चा ठेका पायात यायचा आणि वाक्य तुटायचं. पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं. पुन्हा तुटायचं. दुपारपर्यंत ते पूर्ण वाक्य मला एकदाही म्हणता आलं नाही. मग लक्षात आलं, चार वर्षं ते वाक्य मीच रोज नव्याने जुळवत आले होते.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान झालं, सातारा जिल्हा लागला. लोणंदच्या मुक्कामाची समाजआरती मात्र मला सावकाश सांगायची आहे. पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता गजर चाललेला असतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात आणि एका क्षणात सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही. त्या दिवशी आमचेच टाळ वाजत राहिले. बाहेरचे काही लोक दोन दिवस आमच्या ओळीत घुसत होते. चोपदार आले, वीणेकऱ्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, दोन शब्द बोलले. आमचे टाळ थांबले. एवढी माणसं, आणि टँकरचा गळका नळ ऐकू येत होता. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या, आरती झाली.

माझ्या आतलेही टाळ कधीचे वाजत होते. त्यांना दटावून गप्प करायचं हेच मी आजवर करत आले होते. जवळ जाऊन ऐकलं कधी नव्हतं.

त्या रात्री अडीचला पिशवी वाजली. मी पडून ऐकलं. छातीत काहीतरी आवळलं, तेही ऐकल्यासारखं पाहिलं. त्याच्यामागे एरवी जी वाक्यं यायची ती आली नाहीत. चुरचुर होती, थोड्या वेळाने थांबली. हे रोज जमलं असं नाही. फलटणला पुन्हा चिडले, माळशिरसला पुन्हा. पण चिडणं पहाटेच्या चहापर्यंत टिकेनासं झालं.

पंढरपुरात पददर्शनाच्या रांगेत उभं राहायचंच, असं घरून ठरवून निघाले होते. रांग बघितली आणि दिंडीतल्या बहुतेकांसारखा मीही कळस पाहिला, हात जोडले, नामदेव पायरीपाशी डोकं टेकवलं. हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू. चंद्रभागेच्या वाळवंटात भजनाला बसले तशी ती ओसरत गेली.

मठातही माझी पथारी मावशींच्या शेजारीच होती. अडीचला गाठी सुटायला लागल्या. मी उठले, मोबाईलचा टॉर्च लावला.

"काय शोधताय मावशी?"

"मिश्रीची डबी गं. रोज खालीच जाती." त्यांनी मान वर केली नाही. "उजेड जरा हिकडं धर, माय."

मी टॉर्च खाली घेऊन पिशवीच्या तोंडाशी धरला.