तुम्ही विचारलेत म्हणून : मी मुलीला अंगावर का पाजले नाही

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे, तरीही हा प्रश्न अजून संपलेला नाही. कधी तो सरळ येतो, "तुम्ही हिला अंगावर पाजलं नाहीत का?", आणि कधी वळसा घेऊन येतो, "दूध आलंच नाही, की तुम्हीच दिलं नाहीत?" विचारणाऱ्यांत नातेवाईक आहेत, मैत्रिणी आहेत, मुलीला सर्दी झाली म्हणून दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बायकाही आहेत. आजवर "थोडी अडचण होती" एवढे बोलून मी विषय बदलत आले. ते उत्तर खोटे नव्हते, पण माझ्या वतीने फारच थोडे बोलणारे होते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

आईच्या दुधाचे महत्त्व मला समजावून सांगण्याची गरज नाही. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे, पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही देऊ नये आणि वरचे अन्न सुरू झाल्यावरही दोन वर्षे किंवा त्यापुढे पाजत राहावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मला गरोदरपणातच पाठ होती. चिकातली प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याला कसे अस्तर घालतात, आणि दुधातल्या काही शर्करा बाळाला स्वतःला पचत नसूनही त्याच्या पोटातल्या उपयुक्त जिवाणूंना कशा पोसतात, हे मी वाचले होते. वाचून मला खरोखर नवल वाटले होते आणि ते आजही वाटते. तेव्हा "तुला माहीत नसेल म्हणून सांगते" या शब्दांनी सुरू होणारे बोलणे कृपा करून माझ्याशी करू नका. मला माहीत होते, आणि पुढे जे घडले त्यात या माहीत असण्याचाही हात होता.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. मला मूल होण्याच्या दोन वर्षे आधी माझ्या जावेने तिच्या मुलाला तिसऱ्या आठवड्यात बाटली लावली, तेव्हा "वहिनी, थोडा धीर धरायला हवा होता," असे मी तिला म्हणाले होते. आवाजात काळजी होती, पण काळजीच्या आडून मी निकालच दिला होता. ती काही बोलली नव्हती. आज मला जे लोक विचारतात त्यांच्यावर मी चिडते, तेव्हा त्यांच्यात मला पहिल्यांदा मीच दिसते.

माझ्या प्रसूतीनंतर बराच रक्तस्राव झाला आणि मला रक्त द्यावे लागले. वार पडल्यानंतर शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते, दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाच्या वाटेतला त्याचा अडसर दूर होतो आणि साधारण दोन ते चार दिवसांत दूध भरून येऊ लागते. जास्त रक्त गेलेल्या बाईच्या बाबतीत ही सुरुवात लांबू शकते. हे मला नंतर कळले. त्या दिवसांत प्रत्येकजण मला "येईल, पाजत राहा" एवढेच सांगत होता, आणि तो सल्ला चुकीचाही नव्हता, कारण बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. मी पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी एक वही केली. कोणत्या बाजूला किती मिनिटे पाजले, मधे किती वेळ गेला, हे सारे मी त्या वहीत नेमाने लिहीत होते. चौथ्या रात्री मुलगी सलग पाच तास झोपली. घरातले सगळे म्हणाले, किती शांत बाळ आहे. मीही वहीत "झोप चांगली" असे लिहिले.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या लंगोटावर विटकरी रंगाचा कोरडा डाग दिसला. रक्त असेल या भीतीने मी तो लंगोट तसाच पिशवीत घालून तपासणीला नेला. बालरोगतज्ज्ञ बाईंनी डाग पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कालपासून किती लंगोट ओले झाले?" मी वही उघडली. मिनिटांचे रकाने भरलेले होते, पण ओल्या लंगोटांचा रकाना त्या वहीत नव्हताच. आठवून आठवून मी दोन म्हटले. त्या वयाच्या बाळाने दिवसाला निदान सहा ओले करायला हवेत, आणि तो विटकरी रंग म्हणजे लघवी फार घट्ट झाल्यामुळे साचलेले युरिक आम्लाचे खडे होते.

मग तिला काट्यावर ठेवले. जन्माचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते. काटा २ किलो ५४० दाखवत होता. डॉक्टरांनी तिला उचलले, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवले. आकडा हलला नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, आणि सात टक्क्यांपर्यंत त्याची कोणी फार चिंता करत नाही. दहा टक्के ओलांडले की मात्र थांबून पाहावे लागते. माझ्या मुलीचे बारा टक्क्यांहून अधिक उतरले होते. तिच्या टाचेतून रक्त काढले, तेव्हा ती रडण्याऐवजी नुसती कण्हली. रक्तातले सोडियम १५४ आले. १४५ च्या वर गेले की ते जास्त समजतात. अंगातले पाणी आटले की मीठ असे दाट होत जाते, आणि त्याची झळ मेंदूपर्यंत पोचू शकते. डॉक्टर म्हणाल्या, "हे बाळ शांत नाही, थकलेलं आहे. आत्ता लगेच वरचं दूध सुरू करायचं."

आणि तेव्हा मी जे म्हणाले, ते या सात वर्षांत मी कोणालाच सांगितलेले नाही. मी म्हणाले, "आणखी एक दिवस वाट पाहू या का?"

मुलगी समोर निपचित पडली होती, तिची टाळू किंचित आत गेलेली होती, आणि मी एक दिवस मागत होते. बाटली लागली की बाळ पुन्हा अंगावर घेत नाही, हे वाक्य त्या क्षणी माझ्या डोक्यात त्या काट्यावरच्या आकड्यापेक्षा मोठे होते. डॉक्टर माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त "नाही" म्हटले आणि परिचारिकेला ३० मिली तयार करायला सांगितले. "थोडा प्रयत्न करायला हवा होता," असे मला जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा मला हेच आठवते. प्रयत्न कमी पडला नव्हता. तो जिथे थांबायला हवा होता, तिथून पुढेही मी तो रेटत होते.

परिचारिकेने मुलीला जवळजवळ बसते धरले, बाटली आडवी ठेवली आणि चार-पाच घोटांनंतर ती थोडी बाजूला घेत तिला श्वास घेऊ दिला. सुरुवातीला मुलगी नुसती निपल चघळत होती. मग गिळल्याचा आवाज आला. तो आवाज मला नवा होता, आणि तो नवा होता यातच सारे आले, कारण पाच दिवसांत मी तिला ओढताना पाहिले होते, गिळताना ऐकलेच नव्हते. हनुवटीखाली धरलेली तिची मूठ हळूहळू सैल झाली, बोटे एकेक करून उघडली आणि शेवटी पंजा परिचारिकेच्या मनगटावर पसरला. मी ते पाहत होते आणि मला आनंद झाला नाही. पंजा माझ्या अंगावर का नाही, एवढेच मनात आले. याची लाज वाटते, पण सांगायचेच ठरवले आहे तर हेही त्यातच आले.

तिला तीन दिवस नवजात विभागात ठेवले. सोडियम एकदम खाली आणले तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून ते सावकाश उतरवत होते. ती बरी झाली.

त्यानंतरचे सहा आठवडे मी आधी अंगावर घ्यायची, मग बाटलीने पुरवणी द्यायची, मग दूध काढायचा पंप लावायची आणि मग सगळे धुऊन उकळायची. हे दर तीन तासांनी, रात्रंदिवस चालले. एक फेरी संपून पुढची सुरू होईपर्यंत जेमतेम एक तास उरायचा. दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस मिनिटांत २० मिली यायचे, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या सर्वांत चांगल्या दिवशी ४५ आले. मुलगी शेजारच्या खोलीत दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर रडत असायची आणि मी यंत्राला बांधलेली, तिला घेऊ न शकणारी. सहाव्या आठवड्याच्या शेवटी मी पंप खोक्यात भरून ठेवला. तो दिवस खरे तर निर्णयाचा होता, पण मला त्याचे फारसे काही आठवत नाही. आठवते ते एवढेच, की त्या रात्री तिला पाजताना मी घड्याळाकडे पाहिले नाही.

बाटली सोपी, असे ज्यांना वाटते त्यांना मी एवढेच सांगेन की बाटलीतल्या दुधाची पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते निदान ७० अंश गरम असतानाच त्यात पावडर मिसळायची, मग बाटली थंड पाण्यात धरून निववायची, तयार दूध दोन तासांच्या आत संपवायचे आणि बाळाने पिऊन उरवलेले टाकून द्यायचे. चमच्याचे माप सपाट हवे, कारण पातळ झाले तर बाळ उपाशी राहते आणि दाट झाले तर पुन्हा तेच मीठ वाढण्याचे संकट. ज्या घरात स्वच्छ पाणी, इंधन किंवा पुरेशी पावडर यांपैकी एखादी गोष्ट नसते, तिथे हीच बाटली बाळाच्या जिवावर उठू शकते. पावडरीच्या दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये झाली ती उगाच नव्हे, आणि ती अधिक कडक पाळली जावी असे माझे मत आहे. बाटलीने माझी मुलगी वाचली आणि बाटलीने कितीतरी मुले दगावली, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य कराव्या लागतात.

स्वतःची सुटका करून घेण्यासाठी मी संशोधनही धुंडाळले. बेलारूसमध्ये १९९६-९७ मध्ये सतरा हजारांहून अधिक माता-बालकांवर एक मोठी चाचणी झाली. ज्या रुग्णालयांत स्तनपानासाठी विशेष मदत दिली गेली, तिथल्या बाळांत पहिल्या वर्षी पोटाच्या संसर्गाचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर इतरत्र ते १३.२ टक्के होते. हे वाचून आधी मी म्हणाले, फरक आहे, पण आभाळ कोसळण्याएवढा नाही. मग लक्षात आले की त्या चाचणीतल्या सगळ्याच मातांनी अंगावर पाजायला सुरुवात केलेली होती. तुलना आईचे दूध आणि बाटली यांची नव्हतीच, तर मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांची होती. म्हणजे त्या आकड्यांनी मला सोडले नाही, उलट एक नवाच प्रश्न माझ्या पदरात टाकला.

तो प्रश्न असा. नवजात विभागातल्या एका परिचारिकेने पाचव्या दिवशी माझ्याजवळ बसून दाखवले की बाळाच्या तोंडात नुसती बोंडी जाऊन चालत नाही, भोवतालचा काळसर भागही बराचसा जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसायला हवा. हेच पहिल्या दिवशी कोणी दाखवले असते तर? कदाचित दूध आले असते. कदाचित रक्तस्रावामुळे तरीही आले नसते. कधी मला वाटते, मी सहा आठवड्यांऐवजी दहा आठवडे टिकायला हवे होते. कधी वाटते, तिसऱ्याच आठवड्यात थांबले असते तर मुलीचे पहिले हसू मला पंपाच्या आवाजाविना पाहता आले असते. माझ्यातली आधीची बाई, धीर धरायला सांगणारी, अजून पुरती गप्प झालेली नाही, आणि तिचे सगळेच म्हणणे चूक होते असेही मी म्हणू शकत नाही. फक्त तुम्ही लोक "निवड" हा शब्द वापरता, तेव्हा मला तो काटा दिसतो आणि शब्द पुढे सरकत नाही.

मागच्या वर्षी मी जावेची माफी मागितली. खूप उशीर झाला होता, आणि तिने ती गोष्ट मनात ठेवलेली नसेल अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, "तू तेव्हा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं." मग मी विचारले की तिच्या मुलाचे वजन तेव्हा किती उतरले होते. त्याला आता नऊ वर्षे झाली आहेत. तिने भाजी निवडता निवडता, मान वर न करता, ग्रॅमसकट आकडा सांगितला.