आषाढीसाठी वाळवलेली रताळी

आमच्या गुहागर तालुक्यात महाशिवरात्र आटोपली की रताळ्यांना फारसं कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी बरीच उरली, म्हणून चकत्या करून वाळवल्या. आषाढीला पीठ दळायचं हा हिशेब. चैत्राचं ऊन, सारवलेलं खळं. चार दिवसांत चकत्या कडकडीत झाल्यासारख्या वाटल्या. तशाच गरम गरम प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या, गाठ मारली आणि माळ्यावर टाकल्या.

एकादशीच्या आदल्या दिवशी पिशवी सोडली, तर आधी कुबट वास आला, मग हिरवट-राखाडी बुरा दिसला. तीन किलो माल, त्यातला निम्मा वरून स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या, "अगो, टाकतेस कशाला? पुसून घे, चुलीवर शेकव, होतील बऱ्या."

मीही तेच करणार होते. पण भाची अन्न तंत्रज्ञान शिकते, तिला फोन केला. ती म्हणाली, "मामी, बुरशी पुसली जाते, तिचं विष आत राहतं." काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृतावर घाला घालतं आणि भाजून-शिजवून पुरतं जात नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. गुरांनाही घालू नको, दुधात उतरतं, असं तिने बजावलं. सगळं खड्ड्यात पुरलं. माती लोटताना सासूबाईंनी हात जोडले आणि मला रडू आलं.

चूक माझीच होती. चकत्या जाड होत्या, त्यामुळे वरून वाळल्या तरी आत ओल राहिली. गरम भरल्यामुळे पिशवीला आतून घाम सुटला. आपल्याकडे पावसाळ्यात पापडसुद्धा सादळतो, तिथे या चकत्या काय टिकणार?

यंदा केशरी गराची 'भू सोना' लावली होती, तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेची जात. तिचा रंग बीटा-कॅरोटीनचा, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ऊन, उजेड आणि हवा लागली की ते कमी होत जातं. म्हणून चकत्या पातळ केल्या, दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात काढल्या आणि खळ्याऐवजी तट्ट्यावर, वर गडद सुती कापड घालून वाळवल्या. वेळ जास्त लागला.

मग मिठाची परीक्षा. कोरड्या बरणीत थोड्या चकत्या आणि भाजून कोरडं केलेलं मीठ घालायचं, हलवायचं, थोडं थांबायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण 15 टक्क्यांच्या वर. मोकळं राहिलं तरी मी आणखी दोन उन्हं दिली, कारण साठवणीला तो 10-12 टक्क्यांच्या खाली हवा. चकती वाकली तर नाही, कट्कन मोडली तरच भरायची. पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरल्या. एक डबा उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. डबे भिंतीपासून दूर, फळीवर ठेवले.

एक काचेची बरणी मात्र खिडकीपाशीच राहिली होती. आषाढीला दोन्ही उघडलं. बुरशी कुठेच नव्हती, पण बरणीतल्या चकत्या पिवळट पडल्या होत्या आणि डब्यातल्या अजून केशरी होत्या. सासूबाईंनी डब्यातली चकती मोडून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बरणी नको." पीठ आता लागेल तेवढंच दळते, उरलेले दोन डबे श्रावणातल्या उपासांना संपवायचे आहेत.